स्वतंत्र पक्ष पुण्यात का रुजला नाही? (आजोबांच्या ट्रंकेतली पावती)

कोथरूडचा_भाडेकरू
गेल्या रविवारी नारायण पेठेतलं आजोबांचं घर रिकामं केलं. पुनर्विकास, दुसरं काय. पोटमाळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आत्याचं सातवीचं प्रगतिपुस्तक, सिमेंटच्या परमिटासाठी केलेल्या अर्जांच्या सात नकला आणि एक पावती निघाली. पावतीवर वर चांदणी, खाली 'स्वतंत्र पक्ष', साल १९६२. वर्गणीच्या आकड्याच्या जागी वाळवीने पाडलेलं भोक. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, तर काका म्हणाले, "हा कुठला पक्ष?" काका राज्यशास्त्रात एमए आहेत.

थोडं वाचलं. १९५९ला जन्म. लोकसभेत १९६२ला १८ जागा, १९६७ला ४४, म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. १९७१ला एकदम ८ आणि १९७४ला विलीन. पंधरा वर्षांत दुकान उघडून बंदसुद्धा. नियंत्रणं कमी करा, कर कमी करा, शेतकऱ्याची जमीन त्याच्या हातात राहू द्या, एवढंच तर म्हणत होते. व्यापारी, वकील, छोटे कारखानदार यांनी भरलेल्या पुण्यात हा पक्ष हातोहात खपायला हवा होता. तसं का झालं नाही? जुन्या लोकांनी लिहा.

मुळामुठा
रुमाल टाकून ठेवतो. चिंतामणकाका येईपर्यंत चहा.

इतिहासवेडा
सुरुवात आपल्या नागपूरची आहे. जानेवारी १९५९ मध्ये तिथल्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र करा, सगळ्यांनी मिळून कसा, असा साधारण मतलब. राजाजींचं (म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचं) तेव्हा ऐंशीचं वय. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल, मद्रासचे माजी मुख्यमंत्री, एवढं सगळं करून झालेला माणूस त्या वयात नवा पक्ष काढायला उठला. जूनमध्ये मद्रासला घोषणा झाली, ऑगस्टमध्ये मुंबईत रीतसर स्थापना. अध्यक्ष आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा, सरचिटणीस मिनू मसानी. शिवाय कन्हैयालाल मुनशी आणि होमी मोदी. 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हा शब्द राजाजींचा. आज आपण 'लायसन्सराज' म्हणतो ती त्याचीच उरलेली शेपटी.

गंमत म्हणजे नागपूरच्या त्या ठरावाला काँग्रेसमध्ये राहून कडाडून विरोध करणारे होते चरणसिंग. पंधरा वर्षांनी स्वतंत्र पक्ष विलीन झाला तो त्यांच्याच छत्रीखाली, भारतीय लोकदलात. पण चरणसिंगांना मोठे कारखाने नकोत आणि मसानींना हवेत, तेव्हा हे लग्न म्हणजे एका पत्रिकेतले दोन गुण जुळले म्हणून लावलेलं.

कांदेभजी
पुण्यात मुक्त बाजारपेठ आहेच की. फक्त दुपारी १ ते ४ बंद असते.

चिंतामणराव
आलो. चहा बिनसाखरेचा.

१९६७ला मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. मतदानाचं वय तेव्हा २१, त्यामुळे माझं पहिलं मत त्याच वर्षीचं. देशभरात स्वतंत्र पक्ष जोरात होता. गुजरात विधानसभेत १६८ पैकी ६६ जागा, ओरिसात सिंगदेव मुख्यमंत्री, मद्रासला द्रमुकशी युती. आणि त्याच निवडणुकीत पुण्याने लोकसभेवर कोणाला पाठवलं? एसेम जोशींना! पक्का समाजवादी. त्याच्या दहा वर्षं आधी नानासाहेब गोरे, तेही समाजवादीच. धागाकर्त्याने विचारलंय की पुण्याने उजवा उदारमतवादी पक्ष का घेतला नाही, तर पुणं तेव्हा ज्यांच्यावर प्रेम करत होतं ते लोक अर्थकारणावरून निवडलेलेच नव्हते.

आधी काळ बघा. ऑगस्ट १९५९! संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात, मुंबई अजून आपली झालेली नाही, १०५ हुतात्म्यांच्या आठवणी ओल्या. आणि या पक्षाची स्थापना कुठे, तर मुंबईत. पुढे कोण, तर मसानी, मोदी, मुनशी. मराठी माणसाने नावं वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. 'शेठजींचा पक्ष' हा शिक्का तिथेच बसला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र झाला आणि इथली पुढारी मंडळी कृतज्ञतेत न्हाऊन निघाली, त्या गर्दीत या पक्षाचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही.

बाकी त्यांची मतं आमच्या घरात रोज पटायची. वडील रात्री जेवताना सरकारला शिव्या घालायचे, त्यातली एकेक शिवी राजाजींच्या लेखात शोभली असती. मी १९६४ साली वडिलांच्या नावावर स्कूटरचा नंबर लावला, स्कूटर दारात आली १९७२ला. मधल्या काळात मला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. ती शाळेत जायला लागली त्या वर्षी स्कूटर आली.

अर्धवट
काका, पण डॉलर भरले की नंबर पुढे सरकायचा ना? आमच्या मामांचे एक साडू परदेशात होते. त्यांच्या नावावर आख्ख्या खानदानाने स्कूटरी घेतल्या. त्या साडूंना घरात जो मान होता तो विठ्ठलालाही नव्हता.

चिंतामणराव
@अर्धवट, बरोबर. आणि आलेली स्कूटर लगेच विकली तर वर पैसे सुटायचे. नवीपेक्षा जुनी महाग, असा बाजार आमच्या पिढीने पाहिला. पुस्तकातलं अर्थशास्त्र नंतर शिकलो.

सुधा_म
सगळे एकाच सुरात गायला लागलेत म्हणून लिहिते.

माझे वडील बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये होते. १९ जुलै १९६९ला ज्या चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात आपल्या पुण्याची ही बँकही होती. स्वतंत्र पक्षाने त्याला जोरदार विरोध केला. सर्वोच्च न्यायालयात कायदा रद्द करून घेणारे रुस्तम कूपर त्या पक्षाच्याच गोटातले. ठीक आहे, तत्त्व असेल. पण दोन वर्षांत वडिलांची बदली मराठवाड्यात नव्या शाखेवर झाली. भाड्याची खोली, एक टेबल, एक तिजोरी आणि दारात चपला काढून आत येणारे शेतकरी. लोक बँकेत देवळात यावं तसे यायचे, कारण आधी कोणी त्यांना बँकेच्या दारात उभंच केलं नव्हतं. त्यांना जाऊन सांगायचं का, की हे तुमच्या स्वातंत्र्यावरचं आक्रमण आहे?

दुसरं, पक्ष शेतकऱ्याचं नाव घ्यायचा आणि तिकिटं राजेरजवाड्यांना द्यायचा. जयपूरला गायत्रीदेवी, बिहारमध्ये रामगढचे राजे, ओरिसात तर अख्खी संस्थानिकांची गणतंत्र परिषदच पक्षात आली. गायत्रीदेवी १९६२ला दीड लाखांहून जास्त मताधिक्याने जिंकल्या. ते मत मुक्त अर्थव्यवस्थेला होतं की महाराणीला? राजे आले तशा जागा आल्या, राजे उठून गेले तशा जागाही गेल्या. पुण्यात राजा नव्हता, म्हणून जागा नव्हती. हिशोब संपला.

कांदेभजी
पुण्यात राजा नव्हता?? ताई, शनिवारवाड्याजवळून जपून जा.

सुधा_म
पेशवे पंतप्रधान होते. हो, इथेसुद्धा मुद्दे काढणार आहे मी.

अर्धवट
राजाजींबद्दल एक विरोधाभास. मुक्त बाजार, कमी कर, सरकार घराबाहेर ठेवा, हे सगळं मान्य. पण हाच माणूस १९३७ला मद्रासचा पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असंच म्हणत) झाल्यावर सेलममध्ये दारूबंदी आणतो. आणि बुडालेला महसूल भरून काढायला १९३९ला विक्रीकर! कमी कराच्या पक्षाचा संस्थापक आणि विक्रीकराचा मूळपुरुष एकच. आमच्या दुकानात लक्ष्मीपूजनाला यांचा फोटो लावायचा की नाही, यावर घरात एकमत होत नाहीये. (हलके घ्या.)

इतिहासवेडा
@अर्धवट, त्या पक्षात हे चालायचं. एकवीस कलमांचा मूळ जाहीरनामा होता आणि शेवटचं कलम असं, की या तत्त्वांत न येणाऱ्या विषयावर प्रत्येक सदस्याला आपापलं मत ठेवायची मोकळीक. राजाजी दारूबंदीवाले, मसानी नाही. पक्षाचे खासदार पिलू मोदी तर वल्लीच. सगळ्यांवर अमेरिकेचे हस्तक म्हणून आरोप व्हायला लागले, तेव्हा हे 'मी सीआयएचा एजंट आहे' अशी पाटी गळ्यात अडकवून संसदेत हजर. मला हा पक्ष आवडतो तो याच्यासाठी. आणि निवडणुकीत मार खाल्ला तोही याच्यामुळेच, असं माझं मत. ज्याच्या त्याच्या मताला मोकळीक असलेल्या पक्षात सतरंज्या कोण उचलणार?

खेडशिवापूरचा
शहरातल्या लोकांचं वाचून झालं, आता गावाकडचं ऐका.

आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. साठच्या दशकात ज्वारीवर लेव्ही होती. पिकलेल्या ज्वारीतला ठरलेला वाटा सरकारी भावात सरकारला घालायचा, बाहेर भाव जास्त असला तरी. जिल्ह्याबाहेर धान्य न्यायला बंदी. माझ्या आज्याचं अंगणात पेव होतं, म्हणजे जमिनीतला हौद म्हणा. तलाठी-सर्कल येणार असं कळलं की आजी पेवाच्या तोंडावर चांगली हातभर माती ओढायची, वरून शेणाने सारवायची आणि सारवण ओलं दिसू नये म्हणून त्याच्यावर वाळवणाच्या कुरडया घालायची. सर्कलसाहेब एकदा त्या कुरडया खात खात पेवावर उभे राहून आज्याला दम देत होते. हे आमच्या घरात अजून सांगतात.

आता हा माणूस स्वतंत्र पक्षाचा हक्काचा मतदार की नाही? त्यांचं म्हणणं तेच होतं, पिकवलं त्याने, विकू दे त्याला. पण आज्याने मरेपर्यंत मत दिलं काँग्रेसला. मी विचारलं होतं. म्हणाला, "कारखान्याचा शेअर आहे आपला." ऊस कारखान्यात जायचा, सोसायटीचं कर्ज मिळायचं, पोराला कारखान्यात नोकरी लागली. चेअरमन सांगेल तिकडे शिक्का. लेव्हीचा राग पेवात, मत पेटीत. मसानींचा मुद्दा शंभर टक्के खरा असेल, पण तो इंग्रजीत होता आणि चेअरमन लग्नाला यायचा.

सुधा_म
@खेडशिवापूरचा, शेवटच्या वाक्याला सलाम. भांडण तात्पुरतं स्थगित.

इतिहासवेडा
खेडशिवापूरकरांच्या मुद्द्याला पुण्याची बाजू जोडतो. त्या सहकारामागचं डोकं पुण्याचं होतं. गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ, विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा कारखाना उभा करणारे. १९६७ला, म्हणजे स्वतंत्र पक्षाला ४४ जागा मिळाल्या त्याच वर्षी, गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. ज्या आयोगाच्या नावाने मसानी संसदेत खडे फोडायचे तो चालवायला माणूस पुण्यातून गेला.

आणि मागे जायचं तर पार रानड्यांपर्यंत जा. पुण्याचा उदारमतवाद म्हटलं की आपण रानडे, गोखले ही नावं घेतो. पण रानड्यांनी १८९२ला डेक्कन कॉलेजात जे व्याख्यान दिलं, त्यात सांगितलं काय, तर इंग्लंडचं मुक्त अर्थशास्त्र इथे जसंच्या तसं लागू होत नाही, इथे उद्योग उभे करायला सरकारने हात दिला पाहिजे. आपले मवाळ समाजसुधारणेत उदार होते, व्यापारात सरकारला हाका मारत होते. स्वतंत्र पक्षाला पुण्यात आजोबा सापडलेच नाहीत. ज्यांना तो आजोबा समजला ते दुसऱ्याच घरातले निघाले.

मुळामुठा
रुमाल टाकल्याचं सार्थक झालं.

तळजाई
एक शिल्लक राहिलेली कडी. महाराष्ट्रात हा विचार आला तो पुन्हा, पण वेगळ्या दाराने. शरद जोशी. संयुक्त राष्ट्रांची स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. पुढे चाकणचं कांद्याचं आंदोलन, मग शेतकरी संघटना. 'भीक नको, हवे घामाचे दाम'. मसानी इंग्रजीत सांगायचे तेच यांनी छातीवर लाल बिल्ला लावलेल्या माणसाला मराठीत सांगितलं आणि लाखोंनी लोक रस्त्यावर उतरले. १९९४ला त्यांनी पक्ष काढला त्याचं नाव स्वतंत्र भारत पक्ष. उगाच नाही ठेवलं.

आणि तरी काय झालं? आंदोलनाला लाखो, मतपेटीत चिमूटभर. मी तेव्हा चाकणच्या बाजारात आडत्याकडे हिशोब लिहायला होतो. बिल्ला लावून आलेले शेतकरी मत कोणाला देणार ते बिल्ला न काढता सांगायचे, आणि ते उत्तर खेडशिवापूरकरांच्या आज्याचंच असायचं. स्वतः जोशी पुढे राज्यसभेत गेले. २०१०ला महिला आरक्षणाच्या विधेयकावर मतदान झालं, १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे तेच.

सुधा_म
ते एक मत चुकीचं होतं हे नोंदवून ठेवते. स्थगिती उठली.

तळजाई
@सुधा_म, चूक-बरोबर ठरवत नाही. एकट्याने बटण दाबायला काय लागतं तेवढं म्हणतोय.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९८९पासून कायदाच असा आहे की पक्षाची नोंदणी करायची तर घटनेबरोबर समाजवादाच्या तत्त्वावरही निष्ठा लिहून द्यावी लागते. १९७४च्या विलीनीकरणाला नकार देऊन महाराष्ट्रात थोडे लोक पक्षाची पाटी धरून बसले होते. त्यातल्या एस. व्ही. राजूंनी याच्या विरोधात मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. म्हणजे समाजवादाला विरोध करायला पक्ष काढायचा असेल, तर आधी समाजवादाची शपथ घ्या.

कांदेभजी
दारू सोडवण्याच्या केंद्रात प्रवेशाला आधी एक पेग सक्तीचा. राजाजींना झीट आली असती.

नवखी
मी २४ वर्षांची, हे सगळं पहिल्यांदाच वाचतेय. बाळबोध प्रश्न: ४४ वरून चार वर्षांत ८ कसे? एवढं काय घडलं? आणि आज तसा पक्ष म्हणजे कोणता म्हणायचा?

व्यवस्थापक
पहिल्या प्रश्नाला उत्तरं द्या. दुसऱ्यावर कोणी गेलं तर धागा कुलूपबंद होईल. अनुभव आहे.

चिंतामणराव
@नवखी, बाळबोध नाही, तोच खरा प्रश्न आहे. १९६९ला काँग्रेस फुटली. इंदिराबाईंनी बँका घेतल्या, संस्थानिकांचे तनखे बंद करायला काढले. स्वतंत्र पक्ष दोन्हींच्या विरोधात उभा राहिला, म्हणजे बाईंना हवा तसा विरोधक आयता मिळाला. एका बाजूला गरीब, दुसऱ्या बाजूला बँकवाले आणि महाराजे. मग १९७१ला हे बड्या आघाडीत गेले. जुनी काँग्रेस, जनसंघ आणि संयुक्त समाजवादी यांच्या पंगतीला! ज्यांच्याशी बारा वर्षं भांडले त्यांच्याच मांडीला मांडी. आघाडीची घोषणा 'इंदिरा हटाओ', बाईंची 'गरिबी हटाओ'. यातली कोणती चालणार हे आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालाही कळत होतं. साडेआठ टक्क्यांवरची मतं तीन टक्क्यांवर आली. मसानी स्वतः राजकोटला पडले आणि अध्यक्षपद सोडलं. पुढच्या वर्षी, १९७२च्या नाताळच्या दिवशी, राजाजी गेले. मग उरलं काय?

त्या १९७१ला पुण्याने मोहन धारियांना निवडून दिलं. इंदिरा काँग्रेस, पण तरुण तुर्क, म्हणजे पुन्हा समाजवादीच. आमची खोड जात नव्हती.

खेडशिवापूरचा
काका, तुम्ही १९६७ला मत कोणाला दिलंत ते सांगितलंच नाही.

चिंतामणराव
एसेमना. स्कूटरची वाट बघत.

कोथरूडचा_भाडेकरू
धागा काढून मीच गायब होतो, माफी. घर पाडण्याआधीची धावपळ.

काल मिरजेच्या आत्याला फोन लावला. वय ७६, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चोख. म्हटलं, अण्णा (म्हणजे आजोबा) स्वतंत्र पक्षाचे होते? ती हसायलाच लागली. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ला, घराची मागची भिंत आणि स्वयंपाकघर गेलं. बांधायला सिमेंट हवं, सिमेंटला परमिट. अण्णा वर्षभर कचेरीत खेटे घालत होते. सात नकला त्याच्याच. तिथे रांगेत एक वकील भेटले, तेही घर पडलेले. ते रांगेतच पक्षाची पावतीपुस्तकं घेऊन उभे असायचे. "रांगेएवढी चांगली सभा त्यांना कुठे मिळणार होती," असं आत्याचं म्हणणं. अण्णांनी तिथल्या तिथे वर्गणी दिली.

आणि मत? म्हणाली, "मत एसेमना रे. एसेम म्हणजे घरचा माणूस. त्या वकिलांनीही बहुतेक त्यांनाच दिलं असेल."

मग मी विचारलं, एवढं होतं तर पावती साठ वर्षं ट्रंकेत कशाला जपली? आत्या म्हणाली, "पालथी करून बघ की."

मी फोटो फक्त पुढून काढला होता. उठून पावती पालथी केली. मागे पेन्सिलीत अण्णांचं बारीक अक्षर: मंजूर गोण्या २०, मिळाल्या १२, बाकी ८ बाहेरून. खाली गवंड्याची मजुरी, वाळू, हातगाडीचं भाडं. सिमेंटचा हिशोब हवा म्हणून ठेवलेली पावती आहे ती.

कांदेभजी
थांबा थांबा. बाहेरून म्हणजे काळ्या बाजारातून. मुक्त बाजारात गोणी कितीला पडली ते सांगा, म्हणजे मसानींचं म्हणणं तपासता येईल.

कोथरूडचा_भाडेकरू
भाव लिहिला होता. पुढच्या बाजूला वर्गणीचा आकडा होता ना, नेमका त्याच्या मागे. एकाच भोकात दोन्ही गेलेत.